वहीतली मोकळी नावं

मला मुलगी झाली नाही, त्यामुळे मुलींची नावं माझ्याकडे तशीच पडून राहिली. एकच मुलगा, त्याचं नाव सासरच्यांनी ठेवलं आणि मी वाद घातला नाही, कारण मुलग्यांच्या नावांत मला कधी रसच नव्हता. मुलींची मात्र मी जमवत गेले. निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही होती, तीत. कर्वेनगरच्या एका शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवत असे. जूनमध्ये नवा हजेरीपट हातात आला की शहराच्या डोक्यात सध्या काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं. एका वर्षी वर्गात पाच पूजा होत्या. त्यांना मी आकडे दिले होते, आणि पूजा नंबर तीन फार रडकी होती. पुढे रिया आणि सिया आल्या, मग तर एका हाकेला निम्मा बाक उभा राहायचा.

हजेरीपटातून जी नावं गेली ती माझ्या वहीत आली. स्वारगेटहून बसनं घरी येताना खिडकीशी जागा मिळाली तर मी ती मनातल्या मनात म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की पंखा लावून आडवी व्हायचे, वही पोटावर ठेवायचे आणि हळू आवाजात एकेक नाव घ्यायचे. मंजुळा. सगुणा. वेणू. बकुळ. गोदा. इंदू. नाव घेतलं की त्या नावाची मुलगी समोरून जायची. मंजुळा नेहमी पाठमोरी असे, ओले केस सोडून गच्चीकडे निघालेली. गोदा पाण्यात पाय सोडून बसलेली असे आणि तिला कशाचीच घाई नसायची. सगुणा काहीतरी पुसत असे, पाटी किंवा खिडकीची काच, आणि पुसता पुसता बाहेर बघत राही. इंदूच्या झग्याला एक मोठा खिसा होता. त्यात काय आहे ते तिनं मला कधीच दाखवलं नाही. डोळा लागेपर्यंत त्या सगळ्या खोलीत वावरत असायच्या आणि पंख्याच्या वाऱ्यानं वहीची पानं फडफडायची.

इतकी गोड नावं लोक का ठेवत नाहीत, हा माझा कायमचा राग. ‘गोदा आजीबाईचं नाव वाटतं’ असं कुणी म्हटलं की मी विचारायचे, आजी काय आजी म्हणूनच जन्माला आली होती का? अजूनही विचारते. कुणाला मुलगी होणार असेल तर त्यानं वेणू घ्यावं, बकुळ घ्यावं, सगुणा तर अगदी जरूर घ्यावं. ही नावं मोकळी आहेत. आमच्या घरातल्या माणसांची नावं मात्र मी इथे एकही लिहिणार नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण सांगायलाच बसले आहे.

माझा धाकटा भाऊ संगणक शिकून हिंजवडीला नोकरीला लागला, तेव्हा तिकडे अजून शेतंच जास्त होती. त्याचं लग्न यवतमाळकडच्या मुलीशी ठरलं. मुलगी पदवीधर, शांत, हसली की आधी डोळे हसायचे. तिचं नाव तिच्या गावाजवळच्या नदीचं होतं. नकाशात शोधावी लागेल अशी लहानशी नदी, तीन अक्षरांची. आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा आई म्हणाली, “बरं आहे.” आमच्या आईचं ‘बरं आहे’ म्हणजे काय, ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. तेवढ्या वेळात एक बाई संपते आणि दुसरी सुरू होते. भावाला काही सुचेना. तो म्हणाला, “ताई, तुझ्या वहीतलं एखादं दे ना.” मला कोण आनंद झाला! वहीतलं नाव पहिल्यांदाच जिवंत माणसाला मिळणार होतं. शेवटच्या पानांवर मी काही भारदस्त नावंही लिहून ठेवली होती. त्यांतलं एक काढून दिलं, जोडाक्षरांनी भरलेलं, म्हटलं की आपण चार पुस्तकं जास्त वाचली आहेत असं वाटायला लावणारं. भावानं ते तांदळात दोनदा चुकवलं. मी नव्या नवरीला विचारलं, “आवडलं का?” ती तांदळाकडे बघत म्हणाली, “छान आहे.”

त्याच संध्याकाळी मी तिचं जुनं नाव वहीत उतरवून घेतलं, गोदाच्या खाली. इतकं सुरेख नाव वाया जायला नको म्हणून. ती तेव्हा पलीकडच्या खोलीत लग्नातल्या साड्यांच्या घड्या घालत होती.

पहिले दोन महिने ती हाकेला वळायचीच नाही. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, “हिच्या कानांचं काही होतं का गं? सांगायला पाहिजे होतं त्या लोकांनी.” भावानं आपल्यापुरता मार्ग काढला. तो तिला नुसतं ‘अगं’ म्हणू लागला, आणि ‘अगं’ म्हटलं की ती वळायची. हळूहळू नव्या नावालाही वळायला लागली. आम्ही म्हणालो, रुळली हो पोरगी.

पाच वर्षांनी तिला मुलगी झाली. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलं होतं, म्हणून तिची आई डिंकाचे लाडू घेऊन तिकडून आली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आयुष्यात एकदाच मिळणारा मान. भावानं ऑफिसातून इंटरनेटवरच्या नावांच्या याद्या छापून आणल्या आणि अटी घातल्या. अमेरिकेतल्या साहेबाला म्हणता आलं पाहिजे, लांबलचक नको, आणि त्या नावाचा ई-मेलचा पत्ता कुणी आधी घेतलेला नको. आई म्हणाली, “मग त्या साहेबालाच बोलाव ना बारशाला. पाळणा म्हणेल.” मी याद्या वाचल्या. सगळी नावं एकाच दुकानातून घेतलेल्या बांगड्यांसारखी होती.

बारशाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी मी बाळाला बघायला गेले. दार लोटलेलं होतं. चपला काढत होते तेवढ्यात आतून भावजयीच्या आईची हाक आली. नदीचं ते नाव, आणि पुढे, “ऊठ वं, खाऊन घे.” त्यावर माझी भावजय ज्या आवाजात ‘होऽ’ म्हणाली, तो आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. झोपेतला, हट्टी, सात-आठ वर्षांच्या मुलीचा आवाज. एखादी मुलगी समोरून जावी आणि आपण तिला अडवू नये, तसं मला झालं. मी दारातच थांबले. तेवढ्यात बाईंनी मला पाहिलं आणि जीभ चावली. घाईघाईनं नवं नाव घेतलं, तेही अडखळत, आणि मला म्हणाल्या, “चुकलं जी ताई, सवय जात नाही.”

पोटच्या मुलीला स्वतः ठेवलेल्या नावानं हाक मारली, म्हणून त्या माझी माफी मागत होत्या.

घरी येऊन मी वही उघडली. गोदाच्या खाली ते नाव होतं, माझ्याच वळणदार अक्षरात. बाकी साऱ्या मुली मी पंख्याखाली पडून मनानं रचलेल्या होत्या. ही एकच खरी होती, आणि मी तिला त्यांच्या रांगेत नेऊन बसवली होती, जशी काही ती कुणाचीच नव्हती. नावांचा एवढा कळवळा मिरवणारी मी, आणि समोर चालत आलेलं सगळ्यांत सुंदर नाव मीच पुसलं! मला रडू आलं. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

मग एक युक्ती सुचली आणि मी लगेच खूशही झाले. हाच माझा स्वभाव. ते नाव बाळाला द्यायचं! घरातून गेलेलं नाव घरात परत येईल. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “तीन अक्षरं? चालेल की.” आईला सांगितलं. ती “बरं आहे” म्हणाली, पण या वेळी जरा बऱ्या आवाजात. राहिली फक्त भावजय, आणि तिला आनंदच होणार हे मी धरूनच चालले होते.

बारशाला दोन दिवस होते. ती पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती, बाळ शेजारी झोपलं होतं. मी मोठी भेट देत असल्याच्या थाटात सांगितलं, “तुझं आधीचं नाव बाळाला ठेवतोय आम्ही.”

तिचा हात थांबला. “नको, ताई.”

“अगं, इतकं सुंदर नाव आहे.”

“माहीत आहे मला.” तिनं अर्धवट घडी मांडीवर ठेवली. “तेव्हा तुम्ही ते काढून घेतलंत, मी काही बोलले नाही. आता देऊनही टाकताय?”

“परक्याला का देतोय? तुझ्याच मुलीला.”

“तिला पाहिजे तेवढी मिळतील. तुमची वही भरलेली आहे.” आणि पाच वर्षं आमच्यासारखं बोलणारी ती एकदम आपल्या बोलीत आली. “मले ते एकच होतं, ताई. ते माहं आहे. मले पाहिजे.”

बाळ उठेल म्हणून तिनं दुपटं स्वतःच्या तोंडावर दाबून धरलं आणि ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणता आलं, आणि ते म्हणायला मला पाच वर्षं लागली होती.

पिशवीतून वही काढून मी तिच्यापुढे धरली. तिनं गोदाखालची ती ओळ पाहिली, पेन मागितलं आणि आपलं नाव खोडलं. एक रेघ मारून नाही. गिरवून गिरवून, खालचं एकही अक्षर वाचता येणार नाही इतकं. मग नाक पुसून पानं उलटायला लागली. “हिच्यासाठी बघू या,” म्हणाली.

ती दुपार मला अजून दिसते. पडदा ओढलेला, खोलीत शेगडीतल्या ओव्याच्या धुराचा वास, आणि आम्ही दोघी त्या एवढ्याशा जिवाकडे बघत एकेक नाव म्हणतोय. मंजुळाला बाळानं जांभई दिली. बकुळला मूठ उघडून मिटली. इंदू म्हटल्यावर भावजय मला म्हणाली, “ही नको, हिला तुम्ही फार लाडावलंय.” मी तिला खिशाची गोष्ट कधी सांगितली होती कोण जाणे. मग एका नावाला बाळानं डोळे उघडले. ते तसेही उघडायचेच होते, पण आम्ही तो होकार धरला. ते नाव मी माझ्या हातानं वहीतून खोडलं. भावाच्या यादीत ते नव्हतं, आणि साहेबाला ते कधीही जमलं नसतं.

बारशाला सोसायटीतल्या बायका जमल्या. हातात घुगऱ्या आल्या, पाळणा म्हणून झाला. मी वाकून बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. तशा बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. दोघी-तिघींनी माझ्यावरचे जुने रागही त्यातच काढून घेतले. मी उठून बाळाचं नाव मोठ्यानं सांगितलं. भावानं पेढ्यांचा पुडा उघडला.

मग मी पाळण्याच्या पलीकडे गेले. तिथे पाटावर भावजय बसली होती. मी तिच्याशेजारी वाकले आणि तिच्या कानात तिचं नाव सांगितलं.

आई म्हणाली, “अगं, बारसं बाळाचं आहे. तिच्या कानात काय सांगतेस?”

भावजय आईकडे वळली नाही. ती माझ्याकडे आणखी झुकली आणि म्हणाली, “अजून एकदा म्हणा.”

मी सरळ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.