शिकागोवाल्या काकू

ह्यातलं अर्धं आमच्या ह्यांना ठाऊक होतं, आणि ते आता नाहीत. उरलेलं अर्धं मी कुणापाशीच बोलले नाही – सख्ख्या बहिणीपाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही. देवापुढे बसले की मी भलत्याच गोष्टींची माफी मागायचे. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे. ओळखीचे निघालात, तरी आता सुरुवात करून बसले.

आर्वीत मला शिकागोवाल्या काकू म्हणतात. भाजीवाला म्हणतो, दवाखान्यातली नर्स म्हणते. माझा मुलगा नितीन कॉम्प्युटरचं शिकून अमेरिकेला गेला, तेव्हा आमच्या गल्लीतून तिकडे जाणारा तो पहिलाच. कुठं असतो म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचे, शिकागोला. विमान शिकागोलाच उतरतं, म्हणजे अगदीच खोटं नाही – अशी मी माझीच समजूत काढायचे. तो राहायचा डिकेटर नावाच्या गावात. शिकागोहून मोटारीने तीन तास.

सुनेच्या बाळंतपणाला मी तिथं राहून आले. काय सांगू तुम्हाला? एवढे समुद्र ओलांडून गाडीतून खाली उतरले, तर वास कसला – सोयाबीनचा! त्या गावात सोयाबीनचे कारखाने. आमच्या आर्वीच्या बाजारात हंगामात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते, सगळा संसार त्या धुळीत गेला, आणि अमेरिकेतही माझ्या नशिबी तेच. नितीन हसत म्हणाला, आई, तुला घरच्यासारखं वाटेल. मला काही हसू आलं नाही. परत जाऊन लोकांना काय सांगायचं होतं मी, सोयाबीन पाहून आले? म्हणून मग एका दिवसात पाहिलेलं शिकागो सांगितलं. तिथलं तळं, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. मान मोडेस्तोवर उंच इमारती. सांगता सांगता मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

ह्यांना ते आवडायचं नाही. एकदा दुकानातून जेवायला आले असताना म्हणाले, "काऊन खोटं बोलत राह्यतं? गाव आहे तर गाव म्हणावं." मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. तेव्हा त्यांनी रागवायला हवं होतं का? पण हे बघा, लगेच दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायला निघाले मी.

मुद्द्यावर येते.

शेजारच्या शोभाताई, आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यांची मुलगी वर्षा बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवायची. मुलं तिच्या मागे मागे फिरायची. तिला जवळच्याच रोहणा गावातल्या एका घरातून मागणी आली. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेत, इंडियानापोलिस नावाच्या शहरात. सुटीवर आला, पाहून गेला, दोघांची पसंती झाली. फोनवर बोलणं होऊ लागलं. घरच्यांचा होकार तेवढा राहिला होता. तो अडला होता एवढ्याचसाठी, की इंडियानापोलिस हे नाव आर्वीत कुणी ऐकलं नव्हतं. पोरगी अमेरिकेत द्यायची ती काय खेड्यात?

उन्हाळ्याचे दिवस. शोभाताईंच्या गच्चीवर आम्ही बायका कुरडया घालत होतो आणि विषय हाच चालला होता – अमेरिकेच्या त्या मधल्या पट्ट्यात नाव असलेली शहरं कोणती. शिकागो एक नंबर, ह्यावर वाद नव्हता. मी बसले होते ना तिथं! दोन नंबरवरून मात्र जुंपली. कुणी म्हणे डेट्रॉइट, मोटारी तिथं बनतात. एकीच्या नणंदेचा जावई क्लीव्हलँडला होता, तिने क्लीव्हलँड सोडलं नाही. शोभाताईंच्या जाऊबाईंनी सेंट लुईस लावून धरलं, का ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना. आर्वी मोठी की पुलगाव मोठं ह्यावर भांडावं तसं सगळं. शेवटी वर्षाचे काका शाळेतला नकाशा घेऊन वर आले. त्यात इंडियानापोलिस निघालं, आणि चांगलं ठसठशीत निघालं. राजधानी आहे राज्याची, काका म्हणाले, मग लहान कसं असेल?

वर्षा माझ्या शेजारी साचा धरून बसली होती. ती हळूच मला म्हणाली, "काकू, तो म्हणे नितीनदादा डिकेटरले राह्यते, किराणा घ्याले त्यांच्याच शहरात येते. डिकेटर म्हणजे शिकागोतला मोहल्ला असन नं?"

किती साधेपणानं विचारलं होतं तिने. मी मात्र मनात भलताच हिशेब करू लागले. ही पोरगी तिथं गेली की दोन-अडीच तासांच्या वाटेवर माझा नितीन. ही त्याचं घर पाहणार, गाव पाहणार, तो वास घेणार. मग आईला फोन करणार. आणि मग आर्वीत मला कोण काय म्हणणार?

तेवढ्यात शोभाताईंनीच विचारलं, तुम्ही तर पाहिलंय ना हो ते शहर?

पाहिलं होतं. नितीनने मला गणपतीला तिथं नेलं होतं. मोठंच्या मोठं शहर. मधोमध गोल चौक, त्यात उंच स्तंभ, रात्री सगळीकडे दिवे. कितीतरी मराठी माणसं भेटली, मी तिथं पुरणपोळी खाल्ली. पोरीनं सुखानं नांदावं असं शहर.

मी म्हटलं, पाहिलंय, रस्त्यात लागतं. थांबावं असं काही नाही. चार दुकानं, भोवती मक्याची वावरं, कारखान्याचा वास येतो, आणि थंडीत रस्त्यावर माणूस दिसत नाही.

कळलं ना तुम्हाला? मी डिकेटर सांगत होते. माझ्या मुलाचं गाव उचलून मी त्या मुलाच्या माथी मारलं.

एवढ्यावर थांबले असते तरी गप्पांच्या ओघात गेलं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षा एकटी घरी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मले तो आवडला, काकू. बाबा नाई म्हणून राह्यले. तो म्हणे शहर चांगलं आहे, पण तुमी एकट्याच तिकडं जाऊन आल्या. मले खरं सांगा, तुमी हो म्हटलं तर मी बाबाले मनवतो."

दार बंद होतं. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी तिचा हात हातात घेतला – हे मला सगळ्यात जास्त बोचतं, तो हात – आणि म्हटलं, "तुह्या आईच्या जागी म्हणून सांगतो, पोरी. नको जाऊ. एकटी पडशीन."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. रोहण्याला नकार गेला.

नंतर दोन ठिकाणं फिसकटली आणि तिला पुलगावला दिलं. नवरा वाईट नाही. पण सासूने शाळा सोडायला लावली. घर माणसांनी भरलेलं आहे, तिच्याशी बोलणारं कुणी नाही, असं शोभाताई सांगतात. त्या सांगतात आणि मी चुकचुकते. होय, चुकचुकते मी!

आणि नितीन? त्याला चांगली नोकरी मिळाली, डिकेटर सुटलं. फोनवर आनंदाने सांगत होता, आई, आता मोठ्या शहरात आलो – इंडियानापोलिसला. तो रोहण्याचा मुलगा तिथं त्याचा मित्र झाला आहे. त्याची बायको अमरावतीची, ती तिथल्या शाळेत शिकवते. फार भला माणूस आहे, नितीन म्हणतो.

मागच्या दिवाळीत वर्षा माहेरी आली होती. आपल्या लहान मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीला म्हणाली, "ह्या शिकागोवाल्या आजी. ह्याइनं खरं सांगतलं म्हणून तुही आई वाचली." पोरगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खूप शीक म्हटलं, हातावर लाडू दिला.

निघताना वर्षाने विचारलं, नितीनदादा अजून शिकागोलाच ना?

मी हो म्हटलं.