एकाच साइटवरचे झाडीबोलीचे शब्द

चार जणांनी मिळून मुक्त सॉफ्टवेअर करायला घेतले की ते सावकाश तयार होते. किस्से मात्र त्याआधीच तयार होतात. आम्ही चंद्रपुरात पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीसाठी शुद्धलेखन तपासनीस करत होतो, त्या काळातले हे काही.

शब्द जमवले आमच्यातल्या शिक्षिका सुषमाताईंनी, बल्लारपूरच्या गाडीत सहप्रवाशांकडून, दोन वर्षे. ते सर्व एका फुकट परदेशी साइटवर होते. दुसरीकडे प्रत ठेवावी, असे मी पहिल्याच बैठकीत सुचवले.

"आपल्या घरची फाइल उडते. तिथी साइटवर कोन उडवते?" ताई म्हणाल्या.

मी इतिवृत्तात लिहिले : 'विषय पुढील बैठकीत.' सलग सहा बैठका हेच वाक्य लिहिले.

*

एकदा साइट दिवसभर बंद पडली. मी तत्परतेने सर्वांना ईमेलने तसे कळवले. आमची मेलिंग लिस्टही त्याच साइटवर होती. दुसऱ्या दिवशी साइट सुरू झाली आणि ती बंद असल्याची माझी सूचना सर्वांना मिळाली!

*

वडशाच्या एका नाटक मंडळीतले प्रॉम्प्टर देवरावभाऊ आमचे शब्द तपासत. यादीचा प्रिंटआउट दिला की ते आधी ती वहीत उतरवून घेत.

"काऊन लिहून राह्यले, भाऊ? साइटवर आहे ना सगळं," ताई म्हणाल्या.

"नाटकाची वही एकच असली अन् मॅनेजर रुसून ते घेऊन गेला, तं पडदा वर जाते का?"

*

मग साइट कायमची बंद झाली. पूर्वसूचना आली होती, पण आमच्यापैकी कोणीच उघडत नसे त्या ईमेल पत्त्यावर. साइटच्या भरवशावर ताईंनी आपला कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता. माझ्याकडे एक जुनी प्रत होती, तीही 'क'पर्यंतचीच. देवरावभाऊंची वही आठवली आणि ताई नि मी वडशाची गाडी पकडली.

देवरावभाऊंनी पत्र्याची पेटी उघडली, फडक्यात गुंडाळलेली जाड वही काढली. ताईंनी शेवटचे पान पाहिले. 'ह' होता. त्यांनी डोळे पुसले आणि वही पिशवीत टाकायला घेतली.

भाऊंनी वहीवर हात ठेवला.

"नेता येत नाई, बाई. आता हे एकच हाय ना?"

"हो, भाऊ."

"मंग इथीच बसा. दोन नकला काढा."