मारुतरावांचा चढा सूर

मारुतराव शेडगे फौजेतून निवृत्त होऊन गाझियाबादला राहायला आले त्याला तीन वर्षं झाली, पण त्यांना एका जागी सलग दहा मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पेपर अर्धा वाचून उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे, लिफ्टने खाली जाऊन सोसायटीला फेरी मारायचे. डिसेंबरातही घरातला पंखा त्यांना चालू लागायचा. त्यांच्या पत्नी अलकाताई शाल पांघरून कुरकुरायच्या, पण पंखा बंद झाला की हे खोली सोडून निघून जायचे.

मूळचे खटाव तालुक्यातले. सव्वीस वर्षं रेजिमेंटच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, शेवटी नायब सुभेदार होऊन क्लॅरिनेटची सगळी रांग त्यांच्या हाताखाली आली. मुलगी राजनंदिनी गुरुग्रामला नोकरीला, म्हणून गावी न जाता इथे फ्लॅट घेतला.

राजनंदिनीने त्यांच्या वाढदिवसाला बाहेरचा आवाज बंद करणारे महागडे हेडफोन आणले. मारुतरावांनी ते चढवले. हायवेचा आवाज गेला, पंख्याचा गेला, आणि दोन्ही कानांत एक बारीक, न थांबणारी शिट्टी तेवढी उरली. अर्ध्या मिनिटात त्यांनी हेडफोन काढले. "मस्त आहेत," म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिले. पुढच्या आठवड्यापासून अलकाताई त्यावर मालिका ऐकू लागल्या.

मुलीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने पिच्छा पुरवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, की ही शिट्टी निवृत्तीच्या आधीपासूनची आहे. बँडच्या गोंगाटात जाणवायची नाही. शांतता झाली की सुरू.

"पप्पा, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलून काय होणार होतं?"

राजनंदिनीने बरंच वाचून काढलं. मागून जाळी असलेले हेडफोन असतात, ते कान कोंडत नाहीत, बाहेरचं थोडं ऐकू येत राहतं, असं तिला कळलं. एका शनिवारी ती त्यांना लाजपतनगरच्या एका तळघरातल्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार चिराग तिशीतला, शांत माणूस. त्याने चार जोड पुढे ठेवले, कुठलंही गाणं लावा म्हणाला. मारुतरावांना एकही पसंत पडला नाही. पुढच्या शनिवारी ते एकटेच मेट्रोने गेले. त्याच्या पुढच्याही. चिरागला वाटायचं, साहेबांना घ्यायचं काहीच नाही, पण तो चहा मागवायचा आणि ऐकू द्यायचा.

चौथ्या शनिवारी मारुतरावांनी स्वतःचीच रेकॉर्डिंग नेली. निवृत्तीच्या वर्षी ढोलवाल्याने बँडचा सराव छोट्या यंत्रावर टिपला होता, ती फाइल मोबाइलमध्ये पडून होती. आजवर तिच्यात त्यांना फक्त बिगुल आणि ढोल ऐकू आले होते. आपलं क्लॅरिनेट ज्यात सापडेल तो हेडफोन घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

एक जड, जाळीचा जोड त्यांनी कानाला लावला आणि क्लॅरिनेटची रांग डावीकडे दिसावी तशी उभी राहिली. मात्र आवाज क्षीण होता. चिरागने हिंदीत समजावलं, की हा हेडफोन मोबाइलला झेपत नाही, याला वेगळा अँप्लिफायर लागतो. त्याने दोन काढले. पहिला काचेच्या नळ्यांचा, पेटल्यावर आतून नारिंगी दिसणारा. त्यावर सगळा बँड गोड झाला, तुपात घोळवल्यासारखा. मारुतराव वीस मिनिटं हलले नाहीत. चिराग खोका आणायला उठला.

"दुसरा पण लाव," मारुतराव म्हणाले.

दुसरा साधा काळा डबा होता. त्यावर गोडवा गेला आणि प्रत्येक वाद्य सुटं झालं. त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला. प्रत्येक ओळीआधी ते दातांतून श्वास ओढत, ती सवय सगळ्या बँडला ठाऊक होती. म्हणजे हे क्लॅरिनेट आपलं. त्याच्या शेजारी रांगेतल्या शंभूचं. वरच्या सुरांवर दोन्ही एकमेकांना घासत होती, हवेत थरथर उठत होती. मागे लोखंडी पट्ट्यांवर हातोडीने कुणी तीच ओळ वाजवत होतं. त्या पट्ट्यांचा सूर ना चढतो, ना उतरतो. शंभू पट्ट्यांशी बरोबर जुळला होता. मारुतराव चढे होते.

त्यांनी तो भाग तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून, काही न घेता, ते पायऱ्या चढून गेले.

शंभू खताळ त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या सरावानंतर मारुतरावांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "कान धुऊन ये," म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात झांजा दिल्या. दोन महिन्यांत शंभूने बँड सोडून स्टोअरची ड्यूटी मागून घेतली.

तो आठवडा मारुतरावांना घर पुरेना. जेवताना मध्येच उठत, बाजारात जाऊन कशासाठी आलो ते विसरत. अलकाताईंनी दोनदा विचारलं, दोनदा "काही नाही" ऐकलं. शेवटी बँडच्या जुन्या ग्रुपवरून नंबर घेऊन त्यांनी खाली बागेतून फोन लावला.

"शंभू, त्या सरावात तुझा सूर बरोबर होता. चूक माझी होती."

"माहीत आहे, साब."

"तेव्हाच माहीत होतं?"

"सगळ्यांनाच होतं. बाकीचे तुमच्याबरोबर वर सरकायचे. मला ते जमलं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलणार होतो?"

आता वाजवतोस का, असं मारुतरावांनी विचारलं. नाही, वाद्य सरकारी होतं, जमा केलं. माझं स्वतःचं पाठवतो, ते म्हणाले. शंभू म्हणाला, वाद्य नको, ती रेकॉर्डिंग तेवढी पाठवा. मी स्वतःला कधी ऐकलं नाही.

त्यांनी ती लगेच पाठवली. शनिवारी दुकानात जाऊन तो जाळीचा जोड आणि काळा डबा घेतला. नळ्यांचा तुम्हाला जास्त आवडला होता ना, असं चिरागने विचारलं. "आवडला होता," मारुतराव म्हणाले आणि त्यांनी पैसे चुकते केले. त्याच महिन्यात राजनंदिनीने त्यांना कान तपासायला मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी आलेख दाखवून सांगितलं, की वरचे सूर बऱ्याच वर्षांपासून नीट पोचत नाहीत. हे शंभूला कळवावं असं राजनंदिनीचं मत पडलं. मारुतराव नको म्हणाले. ती सबब झाली असती.

रेकॉर्डिंगवर शंभूचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. "ऐकली साब. दुसऱ्या कडव्यात मी पण एकदा घसरलोय."

मारुतरावांनी काळा डबा चालू केला आणि दुसरं कडवं लावलं. चार वेळा ऐकलं. शंभूची चूक त्यांना सापडली नाही. ती खरोखर होती आणि आपल्या कानांना कळत नव्हती, की शंभूने आपल्यासाठी म्हणून तसं लिहिलं होतं, हे त्यांना ठरवता येईना. अलकाताईंनी जेवायला हाक मारली. "येतो," म्हणाले आणि त्यांनी कडवं पुन्हा सुरुवातीला नेलं.