चांदीच्या पाण्यातल्या निवट्या

चांदीचे कण पाण्यात सोडायचे आणि मासे कसे मरतात ते बघायचं, एवढंच माझं संशोधन. हल्ली पायमोज्यांनासुद्धा वास येऊ नये म्हणून चांदी फासतात. कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. त्यांना वर आणखी लेप, म्हणजे ते एकमेकांना न चिकटता पाण्यात लांबवर जातात. मोजे धुतले की चांदी गटारात, गटारातून खाडीत. मासे विकून मला शिकवणाऱ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वास येतो तर पाय धुवा ना मेल्यांनो!" विषयाचा इतका नेमका सारांश मला अजून जमलेला नाही.

सुट्टीत कॉलेज बंद, म्हणून प्रयोगाच्या बरण्या आगरला, आमच्या गावी, घरीच आणल्या. आमच्या खाडीचं पाणी फडक्यातून गाळलं, त्यात चांदी मिसळली. वापरलेलं पाणी नाल्यात ओतायचं नाही, हा आमच्या सरांचा कडक नियम. मी पडले गुणी मुलगी. सगळं पाणी बादलीत साठवून अंगणात ठेवलं. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी होती, बादलीवर नव्हती.

आई निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, जिवंतच विकते. आदल्या दिवशी त्यांना खाडीच्या पाण्यात ठेवते, म्हणजे त्या पोटातला चिखल टाकतात. त्या दिवशी तिला आयतं गाळलेलं पाणी दिसलं. एवढं नितळ पाणी फुकट कशाला घालवायचं, म्हणून तिने निवट्या त्यातच सोडल्या.

सकाळी सगळ्या उताण्या पडलेल्या. पाण्याबाहेर चिखलातही तग धरणारा हा हट्टी मासा! बरणीतलं माशाचं पिल्लू मेलं की मी वहीत फुली मारून चहा प्यायचे. इथे वही उघडलीच नाही. आईला सगळं सांगितलं. तिने बादलीवर फळी ठेवली.

तेवढ्यात वाणगावची नेहमीची गिऱ्हाईक बाई आली. आईच्याच वयाची, तोंडाने फटकळ.

"निवट्या दे गो."

"आज नाय. माझ्या हातून मेल्या. पाणी बघून घेतलं नाय मी."

"एवढी वर्सं धंदा करतेस नि पाणी कळत नाय तुला?"

आईने मान खाली घातली. बाजारात कुणाचं एक ऐकून न घेणारी माझी आई! मला लाजेने मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. मी बरण्या पुसत राहिले.