आई कशानं गेली

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न मला विचारला आणि उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यात नवल काही नव्हतं. निजामाच्या राज्यातल्या आमच्या बदनापुरात सुनेच्या पोटात दुखलं तरी ते कुठं दुखतं हे सासूनं सांगायचं, अशी रीत होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. माझ्या पोटात डाव्या बाजूला गाठ हाताला लागत होती, म्हणून त्या मला आगगाडीनं जालन्याला, बायांच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. मला सव्विसावं लागलं होतं आणि पदरात एक मुलगी होती.

"तुझ्या माहेरी कुणाला गाठीचं वाईट दुखणं झालं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई," आत्याबाई म्हणाल्या. "हिची आई तापानं गेल्ती. घराणं बिलकुल चांगलं हाये."

आई तापानं गेली नव्हती. तिच्या पोटात गाठ होती, आणि शेवटी पोट पाण्यानं फुगलं होतं. मावशी त्याआधी छातीच्या गाठीनं गेली होती. हकिमानं सरतान, म्हणजे तेच गाठीचं वाईट दुखणं, असं नाव घेतलं, तेव्हा वडिलांनी त्याला हळू बोलायला सांगितलं. घरात लग्नाच्या दोन मुली, असल्या घरातली पोर कोण करणार? म्हणून बाहेर ताप सांगायचं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वडिलांचं लाडकं वाक्य. त्या तापावर माझं लग्न झालं, आणि आता धाकट्या बहिणीचं ठरलं होतं, तेही परतूरला, आत्याबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाशी.

डॉक्टरीणबाई पुस्तकी मराठी बोलत, पण आडपडदा ठेवत नसत. "गाठीत काय आहे ते पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडण्यातही धोका आहे. क्लोरोफॉर्म सगळ्यांना सोसत नाही, नंतर जखमेत पू होतो, काही बाया घरी परत जात नाहीत. घराण्यात तसलं दुखणं नाही, तर आपण दिवाळीपर्यंत थांबू. असतं तर मी थांबले नसते."

मी मान खाली घालून ऐकत होते. तोंड उघडलं असतं तर बहिणीची सोयरीक तिथल्या तिथं मोडली असती. पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कापून घ्यायची मला भयंकर भीती होती. बहिणीसाठी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगितलं. भित्रेपणाला इतकं चांगलं नाव मिळत असेल तर कोण सोडतो?

दर आठवड्याला बेंबीवरून दोरा धरून पोट मोजा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आत्याबाईंनी ते पोथी वाचल्यासारखं नेमानं केलं. सोमवारी मला न्हाणीत उभं करायच्या आणि दोऱ्यावर काजळाची खूण करायच्या. तिसऱ्या सोमवारी खूण दोन बोटं पुढं गेली.

"जास्त जेवली असशील," त्या म्हणाल्या, पण हात थांबला होता.

"आत्याबाई, माझी आई तापानं न्हाई गेली," मी म्हणाले आणि मावशीसकट सगळं सांगून टाकलं.

त्या पाटावर बसल्या. दोरा बोटाला गुंडाळू लागल्या.

"मंग दवाखान्यात तोंड का शिवलं होतं?"

"तुम्ही बोलून राह्यल्या होत्या."

"तुझ्या बापानं जे सांगितलं तेच बोलले मी."

"परतूरला सांगू नका," मी म्हणाले.

"सख्ख्या बहिणीला फसवू? तुझं दुखणं मी काढीन, बराबर काढीन. ते येगळं अन् हे येगळं."

आणि त्यांनी दोन्ही केलं. परतूरला चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी जालन्याला त्यांनी डॉक्टरीणबाईंना माझ्या आईचं आणि मावशीचं दुखणं असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या दोघी आत्याबाईंच्याच घरच्या. आमचे हे आले, कागदावर सही केली आणि ओसरीवर जाऊन बसले. आठ वर्षं मी ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तीच ऑपरेशनच्या टेबलापर्यंत माझा हात धरून आली.

गाठ नारळाएवढी होती. साधी, पाण्याची निघाली. म्हणजे मी गप्प राहिले असते तरी बहुधा जगले असते. तरी मला आनंद झाला, पोटभर झाला. परतूरची सोयरीक मोडल्याचं त्यानंतर कळलं.

वडील मला पाहायला आले नाहीत. बहीण आली, गावच्या एका बाईच्या सोबतीनं. खाटेच्या कडेला बसून ती डाळिंब सोलत होती.

"आक्का, सासूला सांगायच्या आधी एकदा मला इचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तू हो म्हणली असतीस?"

"इचारलं असतंस तर कळलं असतं."

तिनं दाणे माझ्या तळहातावर ठेवले. पुढं चार वर्षांनी तिला बिजवराला दिली. तिनं मला कधी टोमणा मारला नाही.

ती हो म्हणाली असती का, मला आजही माहीत नाही. ती नाही म्हणाली असती तरी मी सांगितलंच असतं, हे मात्र मला त्या न्हाणीतच माहीत होतं. म्हणूनच मी तिला विचारलं नाही.