अलिबागच्या बर्फातले जंतू

जंतू आणि किस्से यांची वाढ अगदी सारखी. संध्याकाळी एक ठेवून घरी जावं, सकाळी येऊन बघावं तर बशीभर! अलिबागच्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी प्रयोगशाळेत हवाच अशी दमट, की दोन्ही पिकं जोरात. पुढे मी बर्फातल्या जंतूंमागे आयुष्यभर हिमालयात हिंडले, जोडीला चित्रंही काढत राहिले. पण चार मंडळी जमली की फर्माईश त्या दोन खोल्यांचीच!

*

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजत होत्या, तेव्हाची गोष्ट. मासळी खराब का होते हे शोधायला ही प्रयोगशाळा काढलेली. माझ्याकडे विज्ञानाची पदवी होती, पण जीव सगळा चित्रांत. मुलाखतीला गेले ती घाबरतच.

साहेबांनी पदवीकडे बघितलंही नाही. "छंद काय?" म्हणाले.

"चित्रकला." मनात म्हटलं, गेली नोकरी!

साहेब खुर्चीतून उठलेच. "उत्तम! सूक्ष्मदर्शकाला लावायचा कॅमेरा मागवलाय. तो येईपर्यंत दिसेल ते काढून ठेवायला माणूस हवाच होता."

तो कॅमेरा अजून येतोय.

*

बर्फात ठेवलेली सुरमईसुद्धा वास का मारते, या प्रश्नाने मला छळलं. मी बर्फाच्या कारखान्यातलं पाणी आणलं, काचेच्या बशीत जंतू वाढवायच्या खळीवर पसरलं आणि बशी फ्रीजमध्ये ठेवून दिली. काही दिवसांनी बघते तर पिवळे, गुलाबी, मोत्यासारखे ठिपके! थंडीत मरायचं सोडून ऐटीत वाढलेले. इतके देखणे, की आधी रंगपेटी काढली आणि मग साहेबांकडे धावले.

"थंडीत जंतू वाढत नाहीत," साहेब म्हणाले.

"पण सर, हे वाढलेत."

साहेबांनी बशी डोळ्यांपाशी धरली, उजेडात फिरवली, मला परत दिली.

"त्यांना माहीत नसेल."

आणि अहवालात स्वतःच्या हाताने वाक्य घातलं, 'थंडीत जंतूंची वाढ होत नाही. झाल्यास ती वाढ समजू नये.' माझा सहकारी दिगंबर ते वाचून खोलीबाहेर गेला. हसायला!

*

थळची हिराबाय कोळीण आमच्याकडे तपासायला मासळी द्यायची. एकदा माझी चित्रं बघून म्हणाली, "बाय, तू चितारी हायस! आमचे नवे होरीवर कायतरी काढून दे. त्येच त्येच कमळ बगून कटाळा आला."

माझ्या डोक्यात तेव्हा जंतूंशिवाय काही नव्हतं. काढले तेच! साखळीने चालणारे, घोसाने राहणारे, शेपटीवाले. तांबड्यावर पिवळी नक्षी अशी झळकली की किनाऱ्यावर गर्दी. हिराबायला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "जंतू ते जंतू. दिसतान ब्येस!"

नारळी पौर्णिमेला साहेब पाहुणे म्हणून आले. होडीसमोर उभे राहिले, नक्षी न्याहाळली.

"हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय. देवळाच्या खांबावर असेल, नाही? फार जुनी परंपरा आहे ही."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून सडक्या सुरमईच्या जंतूंना मनोभावे नमस्कार केला. दिगंबर पुन्हा कुठेतरी निघून गेला!

*

आमची माडांची वाडी, खाऊनपिऊन सुखी घर. त्यामुळे स्थळं बरी यायची. एकदा पनवेलकडची पाच माणसं आली. मुलगा बरा होता, मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू? मी भिंतीवरची चित्रं दाखवली. मुलाच्या आईने एका गोल, शेंदरी चित्राचं फार कौतुक केलं.

"सूर्योदय वाटतं?"

"नाही, पापलेटवरची वाढ आहे. मीच वाढवली."

"घरी?"

"नाही हो, प्रयोगशाळेत. घरी फक्त हात धुते."

तेवढ्यात आईने पोह्यांच्या बशा आणल्या. "सगळं हिनेच केलंय हं!"

त्या पाचही जणांना एकदम उपास आठवला. मुलाने निघताना मागे वळून बघितलं तेवढंच. आईने उरलेले पोहे झाकून ठेवले. संध्याकाळी ते पोहे मला वाढत म्हणाली, "खा. तुझे तुला बाधणार नाहीत."

*

मग एक दिवस आलं हिमालयाचं. हिमनदीवर जाणाऱ्या एका तुकडीला बर्फातले जंतू ओळखणारा आणि त्यांची चित्रं काढणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला. साहेब म्हणाले, "बायकांना थंडी सोसत नाही. मलाच जावं लागणार."

दिगंबरने सुचवलं, की बर्फाच्या कारखान्यातल्या लाद्यांच्या कोठारात दोघांनी बसून बघावं. साहेब कोट, मफलर, कानटोपी घालून आले. मी आजोबांची घोंगडी घेतली. आत बसलो. साहेबांनी हिमालयाच्या थोरवीवर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता त्यांचे दात वाजायला लागले, आणि ते ताडकन उठले.

"एक तातडीचं काम आठवलं!"

मी वाट बघत बसून राहिले. दिगंबरने दार उघडलं तेव्हा कळलं, साहेब घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ करताहेत. दुसऱ्या दिवशी माझ्या अर्जावर शेरा आला, 'अशा नाजूक कामास स्त्रियाच योग्य.'

आईने ऐन मे महिन्यात, घामाच्या धारांत, ओसरीवर स्वेटर विणायला घेतला. आमच्याकडे लोकर दिसते ती फक्त बाळंतविड्यात. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "अहो, मुलीचं तर लग्न व्हायचंय अजून!"

आईने तो माझ्या मापाचा स्वेटर दोन्ही हातांनी उभा धरला. "एवढं बाळ आहे. बघून घ्या!"

*

हिमनदीवरून मी वितळलेल्या बर्फाच्या सीलबंद बाटल्या आणल्या. वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून भोवतीचा बर्फ बदलला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये त्या मांडीवर घेऊन बसले. प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि घरी जाऊन मेल्यासारखी झोपले.

सकाळी गेले तर दारात चपलाच चपला! आत टेबलावर पंचपात्री. साहेब पळीने वाटताहेत, "हिमनदीचं पाणी! गंगेच्याही आधीचं!" ओळीत सगळ्यांत पुढे मामलेदार. त्यांनी एकदा तीर्थ घेतलं, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि मग सरळ पंचपात्रीतच बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

बाटल्या रिकाम्या. दिगंबरने मला स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांसमोर पंचपात्री उचलून आत नेली.

तळाला काही थेंब होते. मी ते बशीवर पसरले, बशी फ्रीजमध्ये ठेवली आणि रोज उघडून बघत राहिले. एका सकाळी मधोमध एकच ठिपका. गर्द तांबडा, कडेला सोनेरी. असला रंग माझ्या पेटीत नव्हता.

साहेबांना बोलावलं. त्यांनी प्रथमच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"सुंदर आहे," म्हणाले. "हिमालयाचा?"

"सांगता येत नाही, सर. मामलेदारांचाही असू शकेल."

साहेब गंभीर झाले. दार लोटून आले, आवाज खाली आणला.

"नीट विचार करून सांगा. मामलेदारांचा असेल, तर वाढवण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी लागेल."