घरटी एक माणूस

आम्ही गाव सोडलं तेव्हा टेम्पोत सगळ्यात शेवटी भाताची कणगी चढली. रिकामी होती. "दोन खोल्यांत ही ठेवणार कुठे?" असं आईने दोनदा विचारलं आणि बाबांनी दोन्ही वेळा दोरी आणखी घट्ट ओढली. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सकाळचे दहा वाजलेले, गाव जागं, ओट्यांवर माणसं बसलेली, आणि निरोपाला एकटी आत्या आली. तिने माझ्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी कोंबली आणि म्हणाली, "रोह्याला मिलतो, पन यो आपला हाय." बुधाजीकाकांच्या ओट्यावर चौघे पत्ते खेळत होते. टेम्पो त्यांच्या पुढून गेला. एकानेही मान वर केली नाही. त्या चौघांच्याही घरी मी लहानपणापासून जेवले होते.

हे मी तुम्हाला लिहितेय, जे अजून गावात आहात. आणि तुम्हालाही, जे पनवेलला, कळंबोलीला, दुबईला गेलात आणि ग्रुपवर खाडीचे फोटो टाकून खाली रडके चेहरे लावता. मला तशी गावाची आठवण येत नाही. मला राग येतो. नऊ वर्षांत तो कमी झाला नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. बोलायला मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यात मी 'इंग्लिशवाली मुकी' होते.

बाहेरच्या कोणाच्या हाती हे पडलं तर त्याला कळावं म्हणून आधी बांधाचं सांगते. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मधे मातीचा बांध. तो आहे तोवर भात. तो फुटला की खारं पाणी आत, आणि मग मीठ धुऊन जाईपर्यंत दोन-तीन पावसाळे जमीन नुसती पडून. बांध पक्का होणार असं मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो फुटला की आम्ही म्हणतो, खांड गेली. मग ओहोटी लागली की घरटी एक माणूस चिखलात उतरतो आणि सगळे मिळून खांड बुजवतात. काम उरकल्यावर बुधाजीकाका एकेका घराचं नाव घेतात आणि त्या घरचा माणूस 'हाय' म्हणतो. एवढंच. कागद नाही, सही नाही. पण ज्या घराचं नाव घेतलं जातं ते घर गावाचं. आमचं नाव त्या हजेरीतून गेलं, म्हणून आम्ही गेलो. बाकी जी कारणं बाबा लोकांना सांगतात ती खरी नाहीत.

मी शिकायला पेणच्या इंग्रजी शाळेत होते, कासूहून गाडीने जायचे. दहावीत आम्हाला एक जुनी अमेरिकन साहसी कादंबरी होती. नाव लिहीत नाही, उगाच कोणीतरी आणखी एका शाळेत अभ्यासाला लावायचं. एक मुलगा घर सोडून निघतो, थंड मुलखातल्या मोठ्या नदीतून होडीने वर वर जातो, हरवलेल्या बापाला शोधतो. सोबत पैसे देऊन आणलेला एक वाटाड्या. होडी वाटाड्या वल्हवतो. मासे वाटाड्या धरतो. होडी उलटते तेव्हा मुलाला केसांना धरून वर काढतो तोही वाटाड्याच. शेवटी मुलगा घरी येतो आणि सगळे म्हणतात, किती मोठा झाला! वाटाड्याचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही.

टीचरनी फळ्यावर डोंगरासारखी रेघ काढली. ही सुरुवात, हा चढ, हा कळस, हा उतार, झाला प्लॉट. मग दोन रकाने आखले, बदलणारी पात्रं आणि न बदलणारी पात्रं. मुलगा पहिल्यात, वाटाड्या दुसऱ्यात. मी वर्षभरात एकच प्रश्न विचारला, तो तेव्हा. वाटाड्या बदलला नाही हे आपल्याला कसं कळलं, त्याला तर कोणी काही विचारतच नाही? टीचर म्हणाल्या, "तो फक्त मदतीला आहे. त्याच्यावर मार्क नाहीत." वर्ग हसला. मी खाली बसले आणि नोट्स उतरवून घेतल्या. प्रवासाने माणूस घडतो. घर सोडल्याशिवाय वाढ होत नाही. हे मी पाठ केलं. आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

त्याच वर्षी श्रावणातल्या अमावस्येला भर दुपारी खांड गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला घरटी माणूस बोलावला. बाबांची कंपनीत फर्स्ट शिफ्ट, आईचा हात प्लास्टरमध्ये. राहिले मी. पोरी उतरत नाहीत असं नाही, आत्या तर दर वेळी उतरते. पण त्या दिवशी माझं कादंबरीवर प्रेझेंटेशन होतं. बाबा म्हणाले, "तू नाय जायचा. तू तुझा इंग्लिश बोल. चिखलाला मी कालूला सांगतो." काळूदादा पलीकडच्या आदिवासी वाडीतला, आमच्या लावणीला यायचा.

बाबांचं काय चुकलं ते मला खूप उशिरा समजलं. कंपनीत आपण आलो नाही तर बदली माणूस देता येतो, आणि बदली उभा राहिला की आपली हजेरी लागते. बाबांना वाटलं, बांधावरही तसंच. पाच-सहा वर्षं शिफ्ट करून ते बांधाचा हिशोब विसरले होते, आणि मला सांगायला लाज वाटते, मी मनातून खूश होते. पेणच्या वर्गात नखातला चिखल दिसायचा. मी प्रेझेंटेशन दिलं. टाळ्या पडल्या.

बांधावर काय झालं ते आत्याने सांगितलं. बुधाजीकाकांनी बाबांचं नाव घेतलं, "धर्मा." काळूदादा म्हणाला, "हाय." मग काका म्हणाले, "आरं, धर्माच्या घरातली मानसा संपली काय? बांधाला मजूर लावतोय! उद्या बापाच्या मयतीला पन बदली देल." सगळे हसले. पुढचं नाव घेतलं गेलं.

संध्याकाळी काळूदादा आमच्या अंगणात आला, छातीपर्यंत वाळलेला चिखल. म्हणाला, "बाय, मी मधल्या फलीत होतो. तिथं पानी जास्त. सगला चिखल टाकला मी, कसर नाय केली. पन त्यांनी मोजलाच नाय." आणि हसला, जणू गंमत झाली. आईने त्याला चहा दिला. खिडकीत वेगळा ठेवलेला कप होता, त्यातून दिला. तो कप मी रोज बघत होते आणि मला दिसत नव्हता.

दोन दिवसांनी बांध पुन्हा फुटला. आत्या शपथेवर सांगते, काळूने भरलेल्या जागेपासून दहा पावलं लांब फुटला. पण गावभर झालं, मजुराचा हात लागला तिथंच गेला. तुमच्यातल्या कितीजणांनी हे म्हटलं ते मला माहीत आहे. पौर्णिमेच्या उधाणाला बाबा रजा टाकून स्वतः गेले, तासन्‌तास चिखलात उभे राहिले, आणि हजेरीत त्यांचं नाव घेतलंच नाही. पुढच्या वेळी पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी बाबा गेले नाहीत. मग ते सांगायला लागले, "कंपनी रोह्यालाच हाय, जवल पडेल."

रोह्यात दोन खोल्या, भिंतीपलीकडे कोण राहतं ते दर वर्षी बदलतं. कणगी गॅलरीत मावली नाही, मालकाच्या जिन्याखाली आहे. मी बी.ए., बी.एड. केलं, आता इथेच एका शाळेत इंग्रजी शिकवते. तीच कादंबरी शिकवते. तोच डोंगर, तेच दोन रकाने छापील येतात. प्रवासाने माणूस घडतो! ज्याने कोणी हे पहिल्यांदा लिहिलं त्याला मी आमच्या घरी आणून बाबांसमोर बसवीन. अमावस्या आली की बाबा दारात खुर्ची टाकायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचे, "आता भरती लागली असंल." घर सोडून बाबा वाढले नाहीत. कमी झाले. यासाठी फळ्यावर कुठली रेघ काढायची?

या पावसाळ्यात आत्याचा फोन आला. खांड गेली, उद्या सकाळी माणूस बोलावलाय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "जाऊ दे. आपला नाव घेत नायत." मी शाळेत रजा सांगितली आणि पहिल्या गाडीने कासूला उतरले.

बुधाजीकाका आता काठी घेऊन उभे असतात. "कोनाची गो तू?"

"धर्मांची."

"धर्माची? ती इंग्लिशवाली? फोटू काढायला आलीस?"

पुन्हा तेच हसणं. मी चपला काढल्या. उतरले. रांगेत चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. माझ्या आधीच्या माणसाने पहिला गोळा माझ्या डोक्यावरून पलीकडे फेकला, दुसराही. तिसऱ्या वेळी आत्याने त्याला कोपर मारून जागा घेतली आणि गोळा माझ्या हातात आपटला. "पकड! अंगाला लागल म्हनून बघतेस काय?" दहाच मिनिटांत माझे दंड थरथरायला लागले. तेव्हा मधल्या फळीत काळूदादा दिसला. केस पांढरे झालेले. आणि त्याच्याभोवती वाडीतलेच आणखी सात-आठ जण.

खांड बुजली. काका नावं घेऊ लागले. आपल्या पुतण्याचं नाव घेतलं, जो कळंबोलीला राहतो, तुम्ही ओळखता. काळूदादा म्हणाला, "हाय." काका पुढे गेले. दुबईवाल्याचं नाव घेतलं, वाडीतला दुसरा म्हणाला, "हाय." कोणी हसलं नाही. कोणाच्या भुवया हलल्या नाहीत. मी मोजत गेले. निम्म्याहून जास्त घरांची हजेरी वाडीतल्या माणसांनी लावली.

ज्यासाठी तुम्ही आम्हाला उठवलंत, तीच आता तुमची रीत होती.

माझा आवाज कसा फुटला माहीत नाही. "काका, आज कालूदादाचा हाय चालतो. मग आमच्या येलेला का नाय चालला?"

"तवाची गोष्ट येगली होती गो."

"काय येगली? मानूस तोच. बांध तोच. तुमचा पुतन्या गेला तवा येगली झाली?"

कोणीतरी म्हणालं, "मुकी बोलली रे." काकांनी काठीने चिखलात रेघोट्या ओढल्या. मग खाडीकडे बघत म्हणाले, "धर्मा."

मी म्हटलं, "हाय."

बांधावरूनच बाबांना फोन केला. नाव घेतलं म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोनी घेतला? बुधाजीने? सगल्यांना ऐकू जाईल असा घेतला ना?" हो म्हटल्यावर फोन आईकडे गेला.

इथे थांबले असते तर ही गोष्ट फळ्यावरच्या रेघेत बरोबर बसली असती. पण परत निघताना काळूदादा वाटेत भेटला. मी त्याला म्हटलं, दादा, इतकी वर्षं तू किती घरांच्या नावाने हाय म्हटलंस? तो बोटं मोजायला लागला आणि सोडून दिलं. म्हटलं, तुझं नाव का नाही घेत? तो हसला, तसाच, नऊ वर्षांपूर्वीसारखा. "माजा घेऊन करतील काय? बांधाखाली माजी जमीन कुठं हाय? तुजा घेतला ना, झाला तर."

नाही झालं. तेव्हा मी त्याच्यासाठी भांडले नव्हते. आमच्या घरासाठी भांडले, आणि त्याला पुरावा म्हणून पुढे केलं. गावाने मला परत घेतलं, कारण मी धर्माची. तो बांध ज्याच्या खांद्यावर उभा आहे त्याच्या नावाची हजेरी नाही, आणि ते सगळ्यांना बरोबर वाटतं, त्यालासुद्धा. शाळेत मी न बदलणाऱ्या पात्रांचा रकाना फळ्यावरून पुसला, तर दोन पालक तक्रार घेऊन आले की मार्क जातील. जाऊ देत.

तर आता मला घर आहे. रोह्यात नाही, तिथे माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. जिथे माझं नाव घेतलं जातं ते घर, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे तिथल्या लोकांना लिहितेय. पुढच्या वेळी खांड गेली की मी येईन. चिखलात उतरेन. पण आधी काळूदादाचं नाव घ्या, त्याचं स्वतःचं, आणि वाडीतल्या प्रत्येकाचं. नाही घेतलंत तर बुधाजीकाका 'धर्मा' म्हणतील तेव्हा मी हाय म्हणणार नाही.

बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. नाव घेतल्यापासून ते अमावस्येला दारात खुर्ची टाकत नाहीत.